निवडायचा कसा ते कळलं, काढायचा कसा?

राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कोल्हापुरात दोनच प्रश्न येतात. पहिला, “यंदा कोण येणार?” त्याचं उत्तर मी देत नाही. दुसरा मात्र रंकाळ्यावर फिरताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, दवाखान्यात नंबर लावून बसलो असलो तरी येतो. “सर, अमेरिकेसारखा डायरेक्ट अध्यक्ष निवडायची पद्धत आपल्याकडं का नाही ओ? एकदा निवडला की विषय संपला. ना फोडाफोडी, ना घोडेबाजार.”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण लग्नाच्या पंगतीत पुरं बोलणं होत नाही.

प्रश्नामागची चीड मला कळते. आपल्या महापालिकेत महापौर नगरसेवकांतून निवडला जातो. कायद्यानं मुदत अडीच वर्षांची, पण इथं ते पद महिन्यांच्या हिशेबानं वाटून घ्यायची रीत पडली. मग ठरल्या तारखेला राजीनामा देतो की नाही, यावर रुसवेफुगवे. निवडीआधी नगरसेवक ‘सहली’ला जातात आणि मतदानाच्या दिवशी बसमधून थेट सभागृहाच्या दारात उतरतात. हे वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाला वाटणारच, की आम्हालाच निवडू द्या एकदाचं.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. अमेरिकेचा अध्यक्षसुद्धा पुरता ‘डायरेक्ट’ नसतो. तिथं ५३८ प्रतिनिधींचं निर्वाचक मंडळ असतं, त्यात २७० मिळाले की जिंकला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प. पण हे राहू दे. खरी गोष्ट अशी, की ज्याची तुम्ही मागणी करताय ते आपल्या जिल्ह्यात होऊन गेलंय. नव्हे, चालू आहे.

२०१७ साली महाराष्ट्रानं सरपंच थेट गावाकडून निवडायचा कायदा केला. २०२० साली सरकार बदललेलं होतं, तो रद्द झाला. २०२२ साली पुन्हा सरकार बदललं, पुन्हा आला. नगराध्यक्षाची कथा त्याहून जुनी: २००१ साली थेट, २००६ला बंद, २०१६ला थेट, २०२०ला बंद, २०२२ला परत थेट. शिकवताना मला दर काही वर्षांनी टिपणं बदलावी लागायची. विद्यार्थी विचारायचे, “सर, पेपरात कुठलं लिहायचं?”

करवीर तालुक्यातल्या एका गावात (नाव सांगत नाही, तिथं माझं येणंजाणं आहे) सरपंच एका आघाडीचा आला आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्या आघाडीचं. मी सहज म्हणून मासिक सभेला जाऊन बसलो होतो. ग्रामसेवक विषयपत्रिका वाचतोय. गटारीचं काम: नामंजूर. दिवाबत्तीची दुरुस्ती: नामंजूर. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे: तेही नामंजूर! ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. सरपंच उठून म्हणाला, “मला अख्ख्या गावानं निवडलंय.” समोर तंबाखू मळत बसलेला एक वयस्क सदस्य मान वर न करता म्हणाला, “व्हय, आणि आम्हाला काय पंचगंगेच्या पुरानं वाहून आणलंय?”

अमेरिकी पद्धतीवरचा सगळा वाद या एका वाक्यात आहे. अध्यक्षही लोकांनी निवडलेला, काँग्रेस म्हणजे तिथली संसदही लोकांनीच निवडलेली. दोघांचं जमलं नाही, तर खरा मालक कोण? कुणीच कुणाला घरी पाठवू शकत नाही, म्हणून अडवणूक चालू राहते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खर्चाची मंजुरी न मिळाल्यानं तिथला केंद्र सरकारचा कारभार ४३ दिवस अंशतः ठप्प होता. लाखो कर्मचारी घरी, नाहीतर बिनपगारी कामावर. आपल्याकडं लोकसभेनं अर्थसंकल्प फेटाळला तर सरकारलाच जावं लागतं, कर्मचाऱ्याचा पगार मध्ये लटकत नाही.

हा प्रयोग देशपातळीवर करून सोडून देणाराही एक देश आहे. इस्रायलमध्ये आपल्यासारखीच संसदीय पद्धत. छोट्या पक्षांच्या नाकदुऱ्या काढून कंटाळलेल्या लोकांनी १९९२ साली कायदा केला, की पंतप्रधान थेट जनता निवडेल. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा तसा निवडलाही. झालं उलटंच. लोकांनी पंतप्रधानाला एक मत दिलं आणि संसदेसाठीचं दुसरं मत मोकळ्या मनानं आपापल्या छोट्या पक्षाला दिलं. मोठे पक्ष आणखी आक्रसले, आणि थेट निवडून आलेला पंतप्रधान त्याच छोट्या पक्षांच्या दारात उभा. २००१ सालीच कायदा गुंडाळला.

म्हणून मी उलट विचारतो: निवडायचा कसा ते सांगितलंत, आता काढायचा कसा ते सांगा. इथं बहुतेक जण गप्प होतात.

अमेरिकेत महाभियोगानं अध्यक्ष काढायला सिनेटचं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचं, दोन तृतीयांश मत लागतं. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प यांच्यावर तो चालला, एकही पदावरून गेला नाही. निक्सन १९७४ साली गेले ते खटल्याआधीच राजीनामा देऊन. ब्रिटनमध्ये २०२२ साली पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या आर्थिक धोरणानं बाजार कोसळल्यावर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी दीड महिन्यात त्यांना राजीनाम्यापर्यंत आणलं. आपल्याकडं १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. आणि थेट सरपंच? पहिली दोन वर्षं त्याच्यावर अविश्वास आणताच येत नाही. पुढं तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. म्हणजे वर सांगितलेल्या गावात दोघंही तसेच बसणार, समोरासमोर.

हा हिशेब घटनाकारांनी केला नव्हता असं नाही. आपल्याच माणगावच्या परिषदेत मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी ज्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, त्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत तो मांडला. सरकार स्थिरही हवं आणि जबाबदारही हवं. दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची स्थिरता जास्त देते, ब्रिटनची जबाबदारी जास्त. आपण जबाबदारीकडं झुकलो, कारण त्यात सरकारची झडती निवडणुकीपुरती नसते, रोजची असते.

महाराजांचं नाव निघालं की समोरून ठरलेला टोला येतो: “मग सर, महाराजांनी १९०२ला पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, तेव्हा कुठं सभागृह होतं?” कोल्हापुरात याला उत्तर देणं सोपं नाही, आणि मला त्या हुकुमाचा अभिमान तुमच्याइतकाच आहे. पण गादीवर कोण बसणार, कोण उठणार हे तेव्हा प्रजेच्या हातात नव्हतं, ते इंग्रज बघत. शाहू महाराजांच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगरला इंग्रजांच्या कैदेतच वारले, तेव्हा कोल्हापूरला कुणी विचारलं होतं?

दुसऱ्याकडून काही उचलायचंच असेल तर मी जर्मनीकडं बोट दाखवीन. तिथल्या घटनेचं ६७वं कलम म्हणतं, चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला, काढायचंय ना, तर त्याच ठरावात नवा निवडून दाखवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या प्रजासत्ताकात पाडायला सगळे एक व्हायचे आणि बसवायला कुणीच नाही, त्यावरून घेतलेला हा धडा. आजवर दोनच प्रयत्न झाले. १९७२चा फसला, १९८२ साली हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले. आपल्या महापालिकांना आणि नगरपालिकांना हे कलम चपखल बसेल.

विधानसभा-संसदेचं दुखणं वेगळं. रोजची झडती घ्यायची कुणी, तर निवडून दिलेल्या सदस्यांनी. पण १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला, की साध्या विधेयकावरसुद्धा सदस्याला स्वतःचं मत उरत नाही. विरोधात गेला तर सदस्यत्वावर गदा. बरं, घाऊक पक्षांतरं त्यानं थांबली असंही नाही, ते महाराष्ट्राला मी काय सांगायचं. ब्रिटनचा खासदार स्वपक्षाच्या विरोधात मत देऊन दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसू शकतो. आपण पद्धत त्यांची घेतली आणि तिचे दात काढून ठेवले. व्हीप मोडल्याची शिक्षा फक्त विश्वास-अविश्वासाच्या आणि पैशाच्या मतदानापुरती ठेवा, असं १९९० साली दिनेश गोस्वामी समितीनं सुचवलं होतं. सरकारं कितीतरी आली, ते तसंच पडून आहे. तुम्ही विचारताच आहात तर माझं मत त्याला. डायरेक्ट अध्यक्षाला नाही.