चटक्यापुरता रुमाल

आमच्या घरात गरम भांडं उतरवायला चार गोष्टी आहेत आणि वेळेवर त्यातली एकही हाताशी नसते. सांडशी आहे, पण तिचा खिळा ढिला झाल्यापासून तिच्यावर कुणाचा भरवसा नाही. फडकं आहे, ते नेमकं ओलं असतं. सासूबाईंचा पदर आहे, तो फक्त सासूबाईंच्या कामाचा. आणि चौथा कालचा पेपर, चार घड्या घालून. त्याची भाषणं आणि भाव दोन्ही तिथेच करपतात.

वैशाखातली दुपार होती, लाइट गेलेली. तीनच्या चहाचा गंज, म्हणजे पातेलं, धाकट्या दिरानं ओल्या फडक्यानं धरला आणि "अरे बाप्पा!" करून अर्धा चहा ओट्यावर सांडला. कोरड्या कापडात हवा असते म्हणून हात वाचतो. ओल्या कापडात त्या हवेच्या जागी पाणी असतं आणि पाणी आच थेट बोटापर्यंत आणतं. हे सगळं त्याला बी.एस्सी.ला शिकवलेलं आहे. बोट नळाखाली धरून त्यानं ते मला नीट समजावूनही सांगितलं.

ओटा पुसता पुसता माझ्या मनात आलं की या घरात क्रोशाचं एवढं विणलेलं पडलं आहे आणि त्यातल्या एकाचाही गंज उतरवायला उपयोग नाही.

आमच्याकडे क्रोशाचं काम म्हणजे झाकायचं काम. रेडिओ झाकला, मग टीव्ही झाकला, मग फ्रिजच्या मुठीला बाही शिवली, मिक्सरला झबलं चढवलं. लँडलाइनचा फोन होता तेव्हा त्यालाही रुमाल होता आणि रिंग वाजली की आधी रुमालाची घडी व्हायची, मग "हॅलो". झाकलेल्या वस्तूला धूळ लागायची नाही आणि झाकणाला हात लावायची सोय नव्हती. लहानपणी तूप-पोळीच्या हातानं टीव्हीच्या रुमालाला शिवल्याबद्दल मी मार खाल्लेला आहे. तेव्हापासून क्रोशाच्या नुसत्या शोभेच्या कामाबद्दल माझ्या मनात जरा आकस आहे, तो आहेच.

याचं मूळ रुखवतात. मुलगी दहावीला बसली की घरात सुई-दोरा यायचा. वीस नंबरचा दोरा तोरणाला, चाळीस नंबरचा बारीक कामाला. साखळी, मुका खांब, खांब एवढे टाके आले की पोरगी वाटेला लागली. पुस्तक कुणाकडे नसे. एखादीच्या घरी नवा नमुना आलाय असं कळलं की हळदीकुंकवाचं निमित्त काढून जायचं आणि बोलता बोलता खांब मोजून, डोक्यात ठेवून, घरी येऊन उतरवायचा. अननसाचा नमुना आमच्याकडे असाच घरोघर फिरला. गावात अननस खाल्लेला माणूस सापडला नसता. पण एकाही रुखवतात अननस चुकला नाही. आम्ही पोरी बरीच वर्षं तो कमळाचा एक प्रकार समजत होतो.

सगळंच शोभेचं होतं असं म्हटलं तर मात्र अन्याय होईल. गडव्यावरची जाळी कामाची होती. मधे गोल विणकाम आणि कडेला काचेचे मणी ओवलेले. मणी शोभेला नव्हेत, वजनाला. नाहीतर वाऱ्यानं जाळी उडायची. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडायच्या, प्रत्येक दोन बाजांमध्ये पाण्याचा गडवा, त्यावर जाळी, म्हणजे रात्रीची पाखरं पाण्यात पडायची नाहीत. अंधारात मणी किणकिणले की कुणाला तरी तहान लागली आहे हे पडल्या पडल्या कळायचं. आजोबांचा हात कापायचा, त्यांची किणकिण लांबत जायची. मग मोठी आई उठायची आणि न बोलता गडवा त्यांच्या हाती द्यायची.

जाळ्या मोठ्या आईच्याच हातच्या. मोठी आई म्हणजे माझी चुलती. तिच्या हातात सुई नाही असं फक्त जेवताना आणि भाकरी थापताना व्हायचं. तिचं माहेर कारंजाचं. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनातून आम्ही शकुंतलेत बसायचो. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी. इंग्रज कंपनीनं कापूस वाहायला घातलेली, 113 किलोमीटर लांब, आणि घाई म्हणून नाही. ती मधेच थांबायची, पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढायचे, तरी ती चाललेलीच असायची. मोठी आई खिडकीपासून लांबची जागा धरायची. त्या गाडीला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं आणि कोळशाची काजळी पांढऱ्या दोऱ्यावर बसली की खारातूनसुद्धा निघत नसे. दोऱ्याची गुंडी कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड मनगटाला बांधलेलं, तोंडातून दोरा तेवढा बाहेर. समोरच्या बाया बघत बसायच्या. कुणी विचारलंच, "हे किती खांबाचं हाय वो?" की मोठी आई एक खांब कमी सांगायची. नमुना फुकट देणाऱ्यातली ती नव्हती.

गाडी आता बंद आहे.

मोठ्या आईच्या क्रोशालाही हंगाम होता, हे मला फार उशिरा उमगलं. संक्रांतीनंतर जे विणकाम सुरू व्हायचं ते पेरणीपर्यंत. दसऱ्यापासून पुढे सुई डब्यात. मला वाटायचं वेळ नसतो म्हणून. वेळ तर नसायचाच, पण खरं कारण बोटांत होतं. कापसाचं बोंड उललं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि टोकाला सुईसारख्या टोचतात. दिवसभर वेचा केला की चिमटीची बोटं नखाच्या कडेनं चिरतात. क्रोशाचा दोरा डाव्या हाताच्या तर्जनीवरून सरकावा लागतो. चिरलेल्या बोटावर तो सरकत नाही, कातडीच्या सालपटात अडकतो, टाका ओढला जातो आणि पांढऱ्या रुमालावर तांबूस ठिपका पडतो. शेवटचा वेचा आटपला की मोठी आई रात्री बोटांना एरंडीचं तेल चोपडायची, चिंध्या बांधून झोपायची आणि बोटं मऊ झाली की मगच गुंडी सोडायची.

असो. मी गंजाचं सांगत होते.

त्या दुपारी मी मोठ्या आईची जाडी सुई काढली. ती आता माझ्याकडे आहे. प्रश्न दोऱ्याचा होता. वीस नंबरनं विणलेला रुमाल गंज धरायला काय कामाचा, आरपार दिसतं त्यातून. आजकाल लोकर म्हणून जी गल्लोगल्ली मिळते ती अ‍ॅक्रिलिक. रंग सुरेख, पण तव्याला टेकली की वितळून चिकटते, आणि बोटाला चिकटली तर विचारू नका. चुलीजवळ कापूसच हवा. कापूस करपतो, काळा पडतो, पण वितळत नाही.

तेव्हा गोठ्यातली ढेपीची, म्हणजे गुरांच्या पेंडीची, पोती आठवली. पोत्याच्या तोंडाची शिवण ही साखळीच असते. योग्य टोक सापडलं तर एका ओढीत सरसर उसवून सगळा दोरा हातात येतो. चुकीचं टोक धरलं तर पोतं फाटेल पण दोरा सुटायचा नाही. आमच्या आजीनं असल्या दोऱ्याचे गुंडेच्या गुंडे जमवले होते. गोधड्या त्यानंच शिवायच्या. हल्ली पुष्कळ पोत्यांना पॉलिएस्टरचा दोरा येतो, म्हणून टोकाला काडी लावून बघायचं. कागदासारखा जळून राख झाली तर कापूस. आक्रसून टोकाला कडक मणी झाला तर तो दोरा गाईच्या दाव्याला वापरा. माझ्या पोत्यांत दोन्ही निघाले. कापसाचे वेगळे केले आणि दोन पदर एकत्र धरून विणायला बसले.

नमुना सोपा आहे. हवी तेवढी साखळी घालायची, तिच्या एका अंगानं मुके खांब, टोकाला वळून दुसऱ्या अंगानं मुके खांब, आणि मग थांबायचंच नाही. टाके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत, गोल गोल फिरत राहायचं. हातात एक वेडीवाकडी पिशवी होत जाते. बघणारा विचारतो, "टोपी व्हय का?" आपण बोलायचं नाही. पिशवी पुरेशी खोल झाली की तिच्या तोंडाच्या कडा एकमेकींकडे आणायच्या, आणि ते ध्यान एकदम तिरकं वळून चौकोन होतं. नीट, चारही कोपऱ्यांचा, आणि आपोआप दुहेरी. मधल्या पोकळीत हवा राहते, म्हणजे चटका लागत नाही. कडा शिवून टाकल्या, कोपऱ्याला खिळ्यासाठी साखळीचा फास ठेवला. पहिल्या धुण्यात कापूस आटतो, म्हणून मापाला जरा मोठाच ठेवला होता. या चौकोनाचा तो क्षण मला अजूनही दर वेळी आवडतो.

सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "लय चांगला झाला," म्हणाल्या. मग मी त्यानं तवा उतरवायला गेले तर ओरडल्या, "हे कायले जाळून राहिली वो? एवढं डोळे फोडून केलं अन् तव्याले लावतं?" आणि पदरानं तवा उतरवला.

तो रुमाल दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर होता. मी आणून ओट्यावर ठेवला. संध्याकाळी परत बॉक्सवर. शेवटी मी त्याला मुद्दाम हळदीचा हात पुसला, तेव्हा कुठे तो स्वयंपाकघरात राहिला. चांगली वस्तू वापरायची नाही हा आमचा धर्म आहे. पाहुण्यांचे कप, नवी चादर, स्टीलची मोठी ताटं, सगळं कोणत्यातरी मोठ्या दिवसासाठी ठेवलेलं. तो दिवस आला की म्हणतात, आज गडबड आहे, फुटेल-हरवेल, रोजचंच काढ.

बाजारातून गुंडी का आणत नाहीस, असंही कुणी विचारलं. आणते की. बांगड्यांच्या दुकानात मिळते, पिवळ्या उजेडात काचेआड मांडलेली. पण घेताना गंमत वाटते. कापूस आमच्याच शिवारातून जिनिंगला जातो. क्विंटलभर कापसातून 33-35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधून ट्रक कुठल्या कुठे जातात. नागपुरात 1877 साली टाटांनी एम्प्रेस मिल काढली, तेव्हा सूत निदान विदर्भातच व्हायचं. आता त्या जागेवर मॉल आहे. आमचा कापूस फिरून फिरून गुंडी होऊन येतो, तेव्हा वीस ग्रॅमचा जो भाव असतो तो सांगून मी उगाच कुणाचं डोकं फिरवत नाही. त्यापेक्षा ढेपीचं पोतं बरं. ढेप सरकीची, दोरा कापसाचा, आणि दोन्ही गोठ्यात.

रुमाल होत गेले. शेजारी गेले, नणंदेकडे गेले. पहिला आता तव्याइतका काळा झाला आहे आणि मला तोच आवडतो.

दसऱ्यानंतर शेतात सीतादही, म्हणजे वेच्याआधीची पूजा, झाली आणि वेचा सुरू झाला. वेचायला येणाऱ्या बायांना चहा द्यायला मी किटली रुमालानं धरून धुऱ्यावर गेले. त्यातल्या एका मावशीनं रुमाल मागून घेतला, दाबून बघितला. दरसाल येतात त्या. किलोवर मजुरी, म्हणून चहासुद्धा उभ्यानंच. त्यांनी तर्जनी माझ्यापुढे धरली. नखाच्या दोन्ही बाजूंनी चीर, चिरीत धूळ भरलेली.

"वैनी, ह्या बोटाले अशी टोपी बनते का?"

मी तिथेच दोऱ्यानं माप घेतलं. रात्री दोन टोप्या विणल्या, आत शिवण टोचू नये म्हणून उलट्या करून. सकाळी दिल्या, त्यांनी लगेच चढवल्या, बाकीच्या बाया हसल्या. संध्याकाळी काट्यावर गाठोडं टाकून झालं तसं मावशींनी ओटीतून टोप्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"नाई होत वैनी. हाताले सुख हाय, पण कापूस चिमटीत येत नाई. बोंडात अर्धा राहून जाते. आज चार-पाच किलो कमी भरला."

त्यावर मी काय बोलणार? काट्यावरचा आकडा आमच्याच वहीत लिहिला जात होता.

त्यातली एक टोपी गंजाच्या झाकणाच्या मुठीवर बसवली. अगदी मापात बसली आहे. दीर आता झाकण तरी बिनधास्त उचलतो.