उभ्या दांडीची वाट बघत

रविवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून टेट्रिस घेऊन बसलेय, ते जुनं निन्टेन्डोवालं, आणि आता डोळे मिटले तरी ठोकळे पडताना दिसतायत. लहानपणी ते सेलवर चालणारं ब्रिक गेम होतं ना, वर ९९९९ इन १ छापलेलं आणि आत गेम मोजकेच, त्यातही घरातले सगळे हेच खेळायचे.

नियम सांगायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. दहा घरं रुंद, वीस उंच, वरून सातपैकी एक आकार येतो, फिरवा, सरकवा, आडवी ओळ भरली की गायब. पण खरी गंमत पॉइंटमध्ये आहे. लेव्हल ० ला एक ओळ उडवली तर ४०, आणि चार एकदम उडवल्या तर १२००! म्हणजे त्याच चार ओळी एकेक करून उडवल्या असत्या तर १६० मिळाले असते. आणि चार एकदम उडतात त्या फक्त उभ्या दांडीने, म्हणजे चार घरांच्या सरळ ठोकळ्याने. मग काय, उजवीकडचा रकाना रिकामा ठेवायचा, बाकीचे नऊ रचत जायचे आणि दांडीची वाट बघायची, आणि ती काही येत नाही, एस आणि झेडसारखे वाकडे ठोकळेच चालू, ढीग वर चढतोय, आणि नवरा मागून म्हणतो अगं येतील त्या ओळी उडव ना, कशाला थांबतेस. तो तसाच खेळतो. माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, स्कोअर मात्र माझा जास्त :)

नवीन टेट्रिसमध्ये हा छळ नाहीये. सातही आकारांचा एक गठ्ठा पिसतात, तो संपला की दुसरा, त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये फार तर बारा ठोकळे. मला ते जरा मिळमिळीत वाटतं खरं. दांडी येणारच हे माहीत असेल तर वाट बघण्यात काय दम?

हे सगळं सुचलं अलेक्सी पाजित्नोवला, १९८४, मॉस्कोतल्या सायन्स अकादमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये. त्याच्या इलेक्ट्रोनिका ६० कॉम्प्युटरवर ग्राफिक्सच नव्हते, म्हणून ठोकळे चक्क कंस टाइप करून दाखवलेले. आधी चौकट भराभर भरून खेळ संपायचा, मग त्याने भरलेली ओळ गायब करायचं ठरवलं, आणि माझ्या मते गेम जन्मला तो तिथे. रॉयल्टी मात्र बिचाऱ्याला १९९६ पर्यंत नाही.

जुन्या निन्टेन्डोवाल्यात लेव्हल २९ ला ठोकळा इतका सुसाट येतो की तिथे संपलंच असं लोक वर्षानुवर्षं मानायचे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा एक पोरगा १५७ पर्यंत गेला आणि गेमच हँग झाला, म्हणजे माणूस नाही, मशीन हरलं! माझी मजल अजून १९ च्या अलीकडेच.

उद्या रकाना डावीकडे ठेवून बघणार आहे. नवऱ्याला सांगणार नाहीये.