काळाच्या क्रमाने ऐतिहासिक कादंबऱ्या: गाडी आता १७७२ ला पोचली

मंडळी, मधे बरंच काही लिहिलं नाही कारण हिलरी मँटेलच्या थॉमस क्रॉमवेलने बसवून ठेवलं होतं, तीन जाडजूड खंड आहेत त्याचे आणि एक संपला की दुसरा उचलल्याशिवाय राहवत नाही. आता ते संपलं, त्यानंतर अजून तीन पुस्तकं झाली, तर सगळं एकदमच टाकते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतेय पण क्रम लेखनाचा नाही, कथा ज्या काळात घडते त्याचा. आधी रोम, मग मध्ययुग, मग पुढे पुढे. लिहिली कधी याच्याशी देणंघेणं नाही. एक्सेल शीट केलीय, तिच्यात सुरुवातीला तीनच रकाने होते, कथा कधी घडते, लिहिली कधी, आणि गोष्ट सांगतंय कोण. नियम पण साधे, प्रस्तावना आणि लेखकाची टिपणं शेवटी वाचायची, आणि विकिपीडिया पुस्तक संपेपर्यंत उघडायचा नाही. नंतर मी चौथा रकाना वाढवला, 'शेवट आधीच माहीत होता का'. आणि खरं सांगू, आता सगळा प्रोजेक्ट त्या चौथ्या रकान्याभोवतीच फिरायला लागलाय. कारण या प्रकारातली निम्मी पुस्तकं अशी असतात की कोण मरणार, कधी मरणार, गादी कुणाला मिळणार सगळं शाळेतच कळलेलं असतं, तरी माणूस रात्री दोनपर्यंत वाचत बसतो. का? लेखक नेमकं काय करतो?

रोमपासून बघू. रॉबर्ट ग्रेव्हजची 'आय, क्लॉडियस' (१९३४). लंगडा, तोतरा, सगळ्यांनी वेड्यात काढलेला क्लॉडियस, आणि त्यामुळेच विषप्रयोगांच्या त्या घरात जिवंत राहिलेला. हा पुढे इ.स. ४१ मधे सम्राट होणार हे जगाला माहीत आहे. ग्रेव्हज ते लपवत बसतच नाही, सुरुवातीलाच एक भविष्यवाणी टाकून देतो. म्हणजे 'काय होणार' हा प्रश्न पहिल्या काही पानांत निकालात, राहतं ते 'हा माणूस तिथपर्यंत जगला कसा'. आणि युक्ती बघा, खऱ्या क्लॉडियसने स्वतःचं चरित्र आठ खंडांत लिहिलं होतं असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो, ते हरवलं. ग्रेव्हजने नेमकी ती रिकामी जागा पकडली. आता मला वाटतं चांगल्या ऐतिहासिक कादंबऱ्या बऱ्याचदा अशा हरवलेल्या कागदाच्या जागीच उभ्या असतात. लिव्हिया आजीबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये.

मग मार्गेरीत युर्सनारची 'मेमॉयर्स ऑफ हेड्रियन' (मूळ फ्रेंच, १९५१). इथे तर पहिल्या पानापासून सम्राट मरायला टेकलाय आणि पुढे सम्राट होणाऱ्या तरुण मार्कस ऑरेलियसला पत्र लिहितोय. बास, एवढंच. घटना अशा फार नाहीत, अँटिनोअस (हेड्रियनचा लाडका तरुण) सोडला तर धक्का वगैरे काही नाही. हे पुस्तक भराभर वाचता येत नाही, मी प्रयत्न केला आणि दर वेळी पाच पानं मागे जावं लागलं. शेवटी लेखिकेची टिपणं आहेत ती मात्र सोडू नका. तिने हे वयाच्या विशीत सुरू करून टाकून दिलं होतं, मग १९४८ मधे अमेरिकेत असताना जुन्या सामानाची एक ट्रंक तिच्याकडे येऊन पोचली, ती आतली जुनी पत्रं बघून जाळत होती आणि एक पान निघालं, 'प्रिय मार्क' अशी सुरुवात. तिला आधी कळेचना हा मार्क कोण. मग लक्षात आलं की हे आपल्याच हेड्रियनचं पान! तिथून पुस्तक परत सुरू झालं. हीच बाई पुढे १९८० मधे फ्रेंच अकादमीत निवडून आलेली पहिली महिला.

इथून पुढे मी बाराशे वर्षं एका उडीत पार केली, त्याबद्दल शिव्या द्यायच्या तर द्या. यादीत मधलं काही नव्हतं असं नाही, पण दोन पुस्तकं पन्नास पानांत सोडली. नावं घेत नाही, पण आजार सांगते कारण तो तुम्हाला सगळीकडे दिसेल. पात्रं एकमेकांना इतिहास सांगत बसतात. मंत्री राजाला सांगतो की महाराज, आपल्याला ठाऊकच आहे की तीन वर्षांपूर्वी आपल्या थोरल्या बंधूंनी अमुक किल्ला घेतला आणि त्यावरून तमुक तह झाला. अरे त्याला ठाऊक आहे तर सांगतोस कशाला! दुसरं लक्षण म्हणजे पात्राला आपण इतिहासात आहोत हे कळलेलं असतं. एक जण खिडकीतून बाहेर बघून म्हणतो की येणाऱ्या पिढ्या हा दिवस विसरणार नाहीत. झालं, तिथे पुस्तक मिटायचं.

'द नेम ऑफ द रोझ' (१९८०), उंबेर्तो एको. १३२७ चा नोव्हेंबर, उत्तर इटलीतला मठ, सात दिवस, आणि प्रकरणं मठातल्या प्रार्थनेच्या वेळांनुसार पाडलेली. खून कोण करतंय ते बाजूला ठेवा, पण ख्रिस्ताकडे स्वतःची मालमत्ता होती का नव्हती यावर पोपचे लोक आणि फ्रान्सिस्कन साधू जे भांडतात ना, मी ते चवीचवीने वाचलं, कोणी विश्वास ठेवणार नाही. बर्नार्ड गी हा इन्क्विझिटर (पाखंड्यांची चौकशी करणारा चर्चचा अधिकारी) खरा ऐतिहासिक माणूस, पण खुनांचा शोध घेणारा साधू विल्यम आणि त्याचा शिष्य अॅड्सो काल्पनिक. त्यामुळे चौथ्या रकान्यात 'नाही' लिहायला मिळालं, बऱ्याच काळाने. पहिली शंभर पानं जड आहेत हे सगळे म्हणतात ते खरंच आहे, पण एकोने ती मुद्दाम तशी ठेवली, कमी करा असं सांगितलं गेलं तरी केली नाहीत, त्याच्या मते मठात शिरायचं तर वाचकाने तेवढं प्रायश्चित्त घ्यायला हवं. मला पटलं. तुम्हाला नाही पटलं तर पहिल्या खुनापासून पुढे जोर लावा.

आता क्रॉमवेल. हिलरी मँटेलची तिन्ही पुस्तकं, 'वुल्फ हॉल' (२००९), 'ब्रिंग अप द बॉडीज' (२०१२) आणि 'द मिरर अँड द लाइट' (२०२०). पहिल्या दोन्हीला बुकर मिळालं. मार खाणारा पोरगा, बाप पटनीचा लोहार आणि दारुडा, तो पोरगा पुढे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा सगळा कारभार चालवतो आणि २८ जुलै १५४० ला त्याचं डोकं उडवलं जातं. त्याच दिवशी राजा पाचवं लग्न करतो. हे सगळं कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर मिळेल, स्पॉयलर म्हणायचीही सोय नाही.

मँटेलने यावर काढलेला उपाय वरवर इतका साधा आहे की आधी राग येतो. सगळं वर्तमानकाळात, आणि क्रॉमवेलला नावाने न हाक मारता सरळ 'तो'. पहिली शंभरेक पानं मी हा 'तो' नक्की कोण हे शोधत होते, खोलीत सहा पुरुष आणि सहाही 'तो', वैताग. (दुसऱ्या पुस्तकात बाईंनी दया करून 'तो, क्रॉमवेल' असं जास्त वेळा लिहिलंय.) पण एकदा कानाला सवय झाली की मजा कळते, कारण आपण त्याच्या मागे नाही तर त्याच्या डोळ्यांच्या आत उभे असतो, आणि त्याला उद्या काय होणार हे माहीत नाही म्हणून आपणही आपल्याला माहीत असलेलं विसरतो. हेन्रीची दुसरी राणी अॅन बोलीन, तिचा खटला चालतो तेव्हा मला खरोखर वाटत होतं की वाचेल बुवा ही. मे १५३६ ची तारीख डोक्यात असून!

एक सीन सांगतेच. हान्स होल्बाइन क्रॉमवेलचं चित्र काढतो, ते घरी येतं, हा म्हणतो मी यात खुन्यासारखा दिसतोय, आणि मुलगा ग्रेगरी निरागसपणे विचारतो की तुम्हाला माहीत नव्हतं का. ते चित्र खरंच आहे, न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात, आणि त्याच भिंतीवर शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला होल्बाइननेच काढलेला टॉमस मोर. ज्याला मारायच्या कामात हा होता तो, समोरासमोर. पुस्तक संपल्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडून बघा, फार भारी वाटतं.

तिसरं पुस्तक मात्र लांबलंय, माझं मत. मधल्या भागात तेच तेच दरबारी राजकारण आणि आठवणी. पण शेवटची दीडेकशे पानं त्या लांबीशिवाय तशी लागली नसती असंही वाटतं, इतका वेळ त्याच्याबरोबर काढलेला असतो की अटकेच्या प्रसंगात पोटात गोळा येतो.

ओरहान पामुकची 'माय नेम इज रेड' (तुर्कीत १९९८) पटकन उरकते. १५९१, इस्तंबूल, सुलतानाचे चित्रकार, एकाचा खून, आणि पहिलं प्रकरण विहिरीत पडलेलं प्रेत सांगतं. पुढे कुत्रा, नाणं, झाड, लाल रंग सगळे बोलतात. लघुचित्रं विरुद्ध युरोपातलं पर्स्पेक्टिव्ह हा वाद त्यातला प्राण आहे, पण प्रेमकथेचा भाग मला ओढूनताणून वाटला. 'गोष्ट सांगतंय कोण' या रकान्यात जागा पुरली नाही एवढं खरं.

आणि मग अठरावं शतक. इथे या क्रमाने वाचण्याचा खरा फायदा पहिल्यांदा हातात आला. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ची, रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. आपल्यातल्या बहुतेकांनी आधी 'स्वामी' वाचलेली असते, मीही शाळेत असताना वाचली होती. पण कथेच्या काळाने जायचं तर आधी पानिपत, १४ जानेवारी १७६१, आणि लगेच पाठीला पाठ लावून १७६१ ते १७७२ चा माधवराव. 'पानिपत' मधे लढाईपेक्षा मला आधीची कोंडी जास्त लागली. कुंजपुरा घेतला म्हणून आनंद, आणि तेवढ्यात अब्दाली बागपतला यमुना उतरून मागे येऊन बसतो, दिल्लीचा रस्ता बंद, रसद बंद. सैन्याबरोबर बायकापोरं, यात्रेकरू. इथेही शेवट सगळ्यांना पाठ, पण लेखक तो शेवट तारखेत न ठेवता धान्याच्या हिशेबात ठेवतो, म्हणून प्रत्येक पान वाचताना वाटतं की आता तरी निघा, अजून वेळ आहे.

ते संपवून दुसऱ्याच दिवशी 'स्वामी' उघडली आणि पुस्तक वेगळंच निघालं. सोळा वर्षांचा पेशवा, वडील नानासाहेब जूनमधे गेलेले, मोठा भाऊ विश्वासराव पानिपतावर पडलेला, तिजोरीची अवस्था वाईट, घरात राघोबादादा. शाळेत वाचताना मला ही रमा-माधवाची गोष्ट वाटली होती. आता त्या वाड्यातली प्रत्येक शांतता ऐकू येत होती कारण आदल्या रात्रीपर्यंत मी त्या माणसांबरोबर उपाशी होते. देसाईंनी पानिपत फारसं दाखवायची गरजच नाही, त्यांचा १९६२ चा वाचक ते घेऊनच आलेला असणार. माधवराव २७ व्या वर्षी थेऊरला क्षयाने जाणार हे तर सगळ्यांनाच माहीत, आणि देसाई त्यावर रहस्य वगैरे उभं करत नाहीत, उलट आजार हळूहळू पानापानांतून वर येऊ देतात. युर्सनारच्या हेड्रियनची आठवण आली, फक्त हेड्रियनला मागे बघायला वेळ मिळतो, या पोराला तोही नाही. भाषा जरा जास्तच गोड आहे, संवाद काही ठिकाणी रंगमंचावरचे वाटतात, पण शेवट वाचताना त्याचं काही वाटत नाही.

शीट सध्या असं सांगते की ज्यांत शेवट माहीत होता तीच पुस्तकं मी जास्त वेगाने संपवली. एकोचा अपवाद पण तो सगळ्यालाच अपवाद असतो.

आता पुढचं. १७७२ नंतर थेट १८०५ ला, म्हणजे टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' ला जायचा विचार होता, पण मधे फ्रेंच राज्यक्रांती सुटते म्हणून मँटेलचीच 'अ प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी' (१९९२) घुसवली. दांतों, देमुलाँ, रोब्सपिएर, क्रांतीचे तीन पुढारी, तिघेही तरुण आणि तिघांचाही शेवट १७९४ मधे. सुरू केलीय, अजून सगळे शाळेत आहेत. त्यानंतर टॉलस्टॉय, आणि त्यानंतर १८३८ साठी अमिताव घोषची 'सी ऑफ पॉपीज' ठरलेली आहे, अफू आणि गिरमिटियांचं जहाज, तिच्या पुढचे दोन भागही सलग घ्यायचे आहेत.

टॉलस्टॉयच्या दुसऱ्या उपसंहाराबद्दल मात्र आधीच सल्ला हवाय, इतिहास म्हणजे काय यावरचा तो निबंध कोणी पूर्ण वाचलाय का, की गोष्ट संपली तिथे थांबलात? आणि १३२७ च्या आधीची ती बाराशे वर्षं भरायला काही सुचत असेल तर सांगा, फक्त खिडकीतून बाहेर बघून येणाऱ्या पिढ्यांशी बोलणारे राजे नकोत.