28 कोअर, दोन सॉकेट, तापीचे 28 पट्टे: कामाची नोंद

मशीन: जुन्या बाजारातलं दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसरचं वर्कस्टेशन. दोन्हीकडे झिऑन ई5-2680 व्ही4, म्हणजे प्रत्येकी 14 कोअर, 35 एमबी एल3 कॅश आणि डीडीआर4-2400 चे चार चॅनेल. हायपरथ्रेडिंगसकट (एका कोअरचे दोन थ्रेड) लिनक्सला 56 सीपीयू दिसतात. काम: हतनूर ते प्रकाशा या पट्ट्यातल्या तापीच्या पुराचं द्विमितीय मॉडेल. ग्रिड 5600 स्तंभ आणि 1200 ओळींचं, एमपीआयवर चालणारं (अनेक प्रोसेस काम वाटून घेतात आणि एकमेकींना संदेश पाठवतात). केसवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एक सॉकेट आणि त्याच्या बाजूची मेमरी मिळून एक न्यूमा नोड. नोड 0 म्हणजे जळगाव, नोड 1 म्हणजे धुळे. दोन्ही प्रोसेसर जोडणाऱ्या क्यूपीआय लिंकला अर्थातच हायवे. यापुढे तीच नावं वापरली आहेत.

आधी नकाशा

प्रोसेस कुठे बांधायची, म्हणजे कुठल्या कोअरवरच चालवायची, हे ठरवण्याआधी एचडब्ल्यूलॉक पॅकेजमधलं एलएसटोपो चालवायचं. हे 2009 सालचं साधन, अजूनही याला तोड नाही. सॉकेट, कॅश, कोअर, मेमरी आणि पीसीआयची उपकरणं कोणाच्या पोटात काय आहे ते एका चित्रात दिसतं. चित्रात प्रत्येक गोष्टीला दोन नंबर असतात: एल# हा एचडब्ल्यूलॉकने ओळीने दिलेला, पी# हा ऑपरेटिंग सिस्टिमचा. प्रोसेस बांधणाऱ्या कमांडपैकी टास्कसेटला पी# लागतो, एचडब्ल्यूलॉक-बाइंडला एल#. हे दोन नंबर एकमेकांच्या जागी वापरले तर कुठलीही एरर येत नाही, काम फक्त भलत्याच कोअरवर जातं.

आमच्या मशीनवर पी# असे आहेत: 0 ते 13 जळगाव, 14 ते 27 धुळे, 28 ते 41 हे जळगावचेच जुळे थ्रेड, 42 ते 55 धुळ्याचे. सीपीयू 0 च्या टोपॉलॉजी फोल्डरमधली थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्ट फाइल उघडली की त्यात 0,28 एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे 0 आणि 28 वर दोन प्रोसेस टाकल्या तर दोघी एकाच कोअरच्या ताटात जेवणार.

ग्रुपमधल्या दुसऱ्या रॅक सर्व्हरमध्ये प्रोसेसर अगदी हेच, पण बायॉसने नंबर सम-विषम वाटलेत: सम सगळे पहिल्या सॉकेटवर, विषम दुसऱ्यावर. तिथे टास्कसेटला 0-13 दिलं तर प्रत्येक सॉकेटचे सात-सात कोअर मिळतात. कमांड तीच, वाटणी वेगळी. म्हणून स्क्रिप्टमध्ये कोअरचे नंबर लिहायचे नाहीत. एचडब्ल्यूलॉक-बाइंडला पॅकेज:1 सांगा, किंवा न्यूमासीटीएलला सीपीयूनोडबाइंड 1 आणि मेमबाइंड 1 (कोअर आणि मेमरी दोन्ही नोड 1 चीच). दोन्ही मशीनवर अर्थ एकच राहतो. मात्र मेमबाइंड कडक आहे. त्या नोडची मेमरी संपली तर शेजारी कितीही मोकळी असली तरी प्रोसेस मारली जाते. खात्री नसेल तर प्रिफर्ड वापरा (आधी तो नोड, तिथली संपली तर शेजारची).

धुळ्यात शून्य एमबी

मशीन आलं तेव्हा 16 जीबीच्या चार स्टिक होत्या. फ्री कमांड बरोबर 64 जीबी दाखवत होती, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. न्यूमासीटीएल --हार्डवेअर चालवल्यावर कळलं: नोड 0 ला सगळी मेमरी, नोड 1 साइझ 0 एमबी. विकणाऱ्याने चारही स्टिक एकाच प्रोसेसरच्या बाजूला खोचल्या होत्या. धुळ्याचे 14 कोअर प्रत्येक बाइटसाठी हायवेने जळगावला खेपा घालत होते.

हिशेब साधा आहे. एक चॅनेल म्हणजे 2400 गुणिले 8 बाइट, म्हणजे सेकंदाला 19.2 जीबी. चार चॅनेलचे 76.8, दोन्ही सॉकेट मिळून 153.6. चारही स्टिक एका बाजूला असताना अख्ख्या मशीनला 76.8 च. दोन-दोन केल्या तर एकूण तेवढेच, पण निदान प्रत्येक जण आपल्या घरचं पाणी भरतो. शेवटी आणखी चार स्टिक घेऊन चार-चार केल्या. स्टिक रजिस्टर्ड ईसीसीच हव्यात, त्यात साधी अनबफर्ड मिसळली तर मशीन सुरूच होत नाही. आणि प्रत्येक चॅनेलचा पहिला स्लॉट आधी भरायचा. बहुतेक बोर्डांवर त्याचा रंग वेगळा असतो.

त्याच आउटपुटमध्ये अंतराचा तक्ता असतो: स्वतःशी 10, दुसऱ्या नोडशी 21. ते नॅनोसेकंद नव्हेत आणि मोजलेलंही काही नाही, फर्मवेअरने लिहून दिलेले सापेक्ष आकडे आहेत. त्यावरून "मेमरी 2.1 पट हळू" असा निष्कर्ष काढू नका.

खरं मोजायचं तर स्ट्रीम, मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्रॅम. नियम असा की प्रत्येक अ‍ॅरे सगळ्या शेवटच्या पातळीच्या कॅशच्या किमान चौपट हवा. आमच्याकडे 70 एमबीच्या चौपट, म्हणजे 280 एमबी. म्हणून 4 कोटी घटक घेतले, 8 बाइटने 320 एमबी. लहान अ‍ॅरे घेतला की कॅशचाच वेग दिसतो आणि उगाच पाठ थोपटून घेतली जाते.

पट्टे आणि रँक

नदी पूर्व-पश्चिम, म्हणून ग्रिडचे उभे पट्टे पाडले: 28 प्रोसेस, प्रत्येकी 200 स्तंभ. एमपीआयमधल्या प्रोसेसचा नंबर म्हणजे रँक: रँक 0 हतनूरला, रँक 27 प्रकाशाला. प्रत्येक पावलाला शेजारच्या पट्ट्याशी कडेचा एक स्तंभ बदलायचा.

आम्ही वापरतो त्या एमपीआयच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ओपन एमपीआय 4.1 मध्ये, काहीच सांगितलं नाही आणि प्रोसेस दोनपेक्षा जास्त असल्या तर वाटप सॉकेटनिहाय, आळीपाळीने होतं. सम रँक जळगाव, विषम रँक धुळे. हतनूर आणि प्रकाशाच्या मधला प्रत्येक पट्टा शेजाऱ्याशी हायवेवरूनच बोलतो, 27 पैकी 27 सीमा सॉकेट ओलांडतात. शिवाय बांधणी सॉकेटपुरतीच, आत कोअर बदलायला मोकळीक. --मॅप-बाय कोअर --बाइंड-टू कोअर दिलं की रँक 0 ते 13 जळगावात, 14 ते 27 धुळ्यात, आणि ओलांडणारी सीमा फक्त एक.

हे कागदावर फार मोठं वाटतं. पण एका कडेला 1200 पेशी, तीन चल, 8 बाइट, म्हणजे 28.8 केबी. उलट एका पट्ट्याची स्वतःची मेमरी 2,40,000 पेशी गुणिले सात अ‍ॅरे गुणिले 8 बाइट, 13.4 एमबीच्या वर. सगळे मिळून 376 एमबी, 70 एमबी कॅशमध्ये बसण्याचा प्रश्नच नाही. दर पावलाला ही सगळी मेमरी उपसायची. तेव्हा या कामात रँकच्या क्रमापेक्षा मेमरी आणि कोअर एकाच गावात असणं कितीतरी महत्त्वाचं. पट्ट्यांऐवजी चौकोन पाडले, शेजारी वाढले, तर क्रमाचं वजन वाढेल.

याच कारणाने 28 च्या 28 कोअर भरण्यातही अर्थ नाही. स्ट्रीममध्ये एका सॉकेटवर कोअर वाढवत नेले तर चौदाच्या बऱ्याच आधी रेषा आडवी होते, चॅनेलच तुंबतात. सध्या 20 प्रोसेसवर चालवतो: --मॅप-बाय पीपीआर:10:सॉकेट (दर सॉकेटला 10 प्रोसेस), प्रत्येकी 280 स्तंभ. उरलेले कोअर फाइल लिहिणं आणि इंटरप्टसाठी. कुठलीही रचना असो, --रिपोर्ट-बाइंडिंग्ज नेहमी लावायचं आणि छापलेल्या कंसांत आपली रँक कुठे बसली ते डोळ्यांनी बघायचं. आवृत्ती 5 मध्ये सॉकेटच्या जागी पॅकेज हा शब्द आहे.

जिथे गाडं अडलं

दोन जॉब एकाच वेळी, प्रत्येकी 14 प्रोसेस, दोन्ही कोअरनिहाय. टॉपमध्ये 28 प्रोसेस, सगळ्या जळगावात, एकेका कोअरवर दोन-दोन, आणि धुळं रिकामं. जॉब सुरू करणाऱ्या प्रत्येक एमपीआयरन कमांडला वाटतं अख्खं मशीन आपलंच, दोघेही कोअर 0 पासून मोजायला लागतात. उपाय: दुसरा जॉब सिस्टिमडी-रन --स्कोपखाली अलाउडसीपीयूज 14-27 आणि अलाउडमेमरीनोड्स 1 देऊन सोडायचा, म्हणजे त्याला धुळ्याचे कोअर आणि धुळ्याचीच मेमरी मिळते. सिस्टिमडी 244 किंवा पुढची आणि सीग्रुप व्ही2 (कर्नलची मर्यादा घालायची सोय) हवं. --यूआयडी द्यायला विसरलात तर एमपीआयरन रूट म्हणून चालायला नकार देतं, आणि तो नकार योग्यच आहे.

संकरित प्रयोग: 2 प्रोसेस, प्रत्येकीच्या आत एकच मेमरी वापरणारे 14 ओपनएमपी थ्रेड. प्रोग्रॅम जवळजवळ थिजला. प्रोसेस दोनच असल्या की ओपन एमपीआय त्यांना कोअरलाच बांधतं, आणि सगळे 14 थ्रेड त्या एका कोअरवर रेटारेटी करतात. पीपीआर:1:सॉकेट:पीई=14 (सॉकेटला एक प्रोसेस, तिला 14 कोअर), सोबत ओएमपी_प्लेसेस=कोअर्स आणि ओएमपी_प्रोक_बाइंड=क्लोज, मग सुटलं. ओएमपी_डिस्प्ले_अफिनिटी चालू ठेवा, थ्रेड कुठे बसला ते तोच सांगतो.

एकच प्रोसेस आणि 28 थ्रेड केले तर वेगळाच सापळा. लिनक्स मेमरीचं पान त्या नोडवर ठेवतं जिथला कोअर त्यात पहिल्यांदा लिहितो, मॅलॉक करणारा (मेमरी नुसती मागणारा) नव्हे. सुरुवातीचं शून्य भरण्याचं लूप एकाच थ्रेडवर असेल तर सगळी तापी जळगावातच साठते. ते लूपही मुख्य लूपसारखंच थ्रेडांत वाटायचं, त्याच स्टॅटिक शेड्यूलने (कुठला भाग कुठल्या थ्रेडला ते ठरलेलं). न्यूमास्टॅट -पी ने दोन्ही नोडचे आकडे जवळपास सारखे आले की जमलं. हे तपासताना कर्नलचं न्यूमा_बॅलन्सिंग 0 करा, नाहीतर ते मागून पानं हलवत राहतं आणि चूक कुठे होती तेच कळत नाही.

मे महिना

या केसमध्ये धुळ्याचा हीटसिंक जळगावच्या गरम हवेच्या वाटेत आहे. खोलीच चाळिशीत असली की धुळे आधी क्लॉक उतरवतं. पट्टे समान, त्यामुळे जळगाव दर पावलाला धुळ्याची वाट बघत बसतं, आणि बांधणी चुकल्यासारखंच दिसतं. टर्बोस्टॅटमध्ये दोन्ही सॉकेटची वारंवारिता शेजारी-शेजारी बघा. मोजणी करताना इंटेल_पीस्टेटचं नो_टर्बो 1 करून दोघांना 2.4 गिगाहर्ट्झच्या वर जाऊ देत नाही. डेझर्ट कूलरचा झोत मात्र मशीनवर सोडू नका. ओल आणि खारट धूळ बोर्डावर बसते.

पुढचं काम: बायॉसमधलं क्लस्टर-ऑन-डाय चालू करून दोनाचे चार न्यूमा नोड, प्रत्येकी सात कोअर. मग पीपीआर:5:न्यूमा. गावांची आणखी दोन नावं लागतील, नंदुरबार ठरलंय, चौथ्यावर भुसावळ की शिरपूर असा वाद चालू आहे.