वाण्यांच्या पुलावर

जर्मनीतल्या एरफुर्ट गावात मी पूल शोधत पुलावरूनच दोनदा चालत गेलो. दोन्ही बाजूंना खेटून उभी असलेली लाकडी चौकटींची घरे, प्रत्येक घराच्या तळमजल्यावर दुकान आणि मधून जेमतेम साडेपाच मीटर रुंदीचा दगडी फरसबंद रस्ता, एवढेच तिथे दिसते. पाण्याचा मागमूसही नाही. एखाद्या पेठेतून चाललो आहोत असेच वाटत राहते. शेवटी एका घराशेजारच्या बोळातून उतरून काठावरच्या हिरवळीवर आलो, मागे वळून पाहिले, तेव्हा कुठे दगडी कमानी दिसल्या, खालून वाहणारी गेरा नदी दिसली आणि कमानींच्या बाहेर आलेला घरांचा पाठीमागचा भाग लाकडी तिरप्या टेकूंवर तोललेला दिसला.

या पुलाचे नाव क्रेमरब्र्युके. क्रेमर म्हणजे फुटकळ माल विकणारा दुकानदार. आपल्याकडच्या भाषेत वाणी. एरफुर्ट या नावातच नदीतला उतार आहे, कारण ‘फुर्ट’ म्हणजे पाण्यातून चालत नदी ओलांडण्याची जागा. पूर्व-पश्चिम जाणारा व्हिया रेजिया हा मोठा व्यापारी मार्ग याच ठिकाणी नदी ओलांडत असे, आणि जिथे गाड्या थांबतात तिथे दुकान लागणारच. इसवी सन १११७ मध्ये इथल्या लाकडी पुलाचा उल्लेख सापडतो, तोही तो जळाल्याचा! पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तो बांधावा आणि आगीने न्यावा, असे अनेकदा घडले. अखेरीस १२९३ मध्ये नगरसभेने पुलावरचे हक्क मठांकडून आपल्याकडे घेतले आणि १३२५ मध्ये दगडी पूल उभा राहिला. दोन्ही टोकांना एकेक चर्च होते. त्यांपैकी पूर्वेकडचे एगिडियन चर्च अजून आहे आणि पुलावर शिरायचे ते त्याच्या पोटातल्या कमानीखालूनच.

१४७२ च्या मोठ्या आगीनंतर पुलावरची घरे नव्याने बांधली गेली. सुमारे १२० मीटरच्या लांबीत ती तेव्हा बासष्ट होती, यावरून त्यांची रुंदी किती असेल याचा अंदाज करावा. पुढे शेजारची घरे एकमेकांत मिळवत मिळवत आज बत्तीस उरली आहेत. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, हा हिशोब मात्र बदललेला नाही. जर्मन भाषेत दुकानाला ‘लाडेन’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ फळी. खिडकीची फळी आडवी पाडली की तिच्यावर माल मांडायचा आणि संध्याकाळी तीच उचलून खिडकी बंद करायची. ‘दुकानाच्या फळ्या लावल्या’ असे म्हणणाऱ्या माणसांत वाढलेल्या मला हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

त्या फळ्यांवर मिरी, केशर, साखर, साबण, कागद, रेशीम असा माल असे. लांबून आलेला, वजनाला हलका आणि भावाला जड! पण एरफुर्टचा खरा पैसा गावाबाहेरच्या शेतांतून आला. तिथे वाइड नावाची, पिवळ्या फुलांची एक वनस्पती पिकत असे. तिची पाने दळून गोळे करायचे, ते वाळवायचे, मग शहरातल्या व्यापाऱ्यांच्या प्रशस्त माळ्यांवर पाणी आणि मूत्र शिंपडून ते आंबवायचे. वास काय सुटत असेल, याविषयी न बोललेले बरे. पण यातून निळा रंग निघे, आणि त्या रंगावर हे शहर इतके श्रीमंत झाले की वाइडच्या व्यापाऱ्यांना लोक सरदारांच्या पंक्तीला बसवू लागले.

मग हिंदुस्थानातून नीळ आली. पोर्तुगीजांना सागरी वाट सापडल्यावर सोळाव्या शतकात ती जहाजांतून युरोपात उतरू लागली. तिच्यात रंगद्रव्य कितीतरी अधिक, त्यामुळे थोडक्यात काम भागे. जर्मन साम्राज्याने १५७७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तिला सैतानाचा रंग म्हटले, पण रंगाऱ्याला रंग दिसतो, फर्मान दिसत नाही. पुढे सतराव्या शतकात जर्मन मुलखात पेटलेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’ने उरलेसुरले व्यापारही खिळखिळे केले.

पूल मात्र टिकला. मला वाटते, त्याला घरांनीच टिकवले. नुसता पूल पाडून नवा बांधणे सोपे, पण ज्याच्यावर लोकांच्या चुली पेटतात तो पाडायला कोण धजावणार? आज इथली बहुतेक घरे नगरपालिकेच्या मालकीची आहेत, त्यामुळे कोणी यावे आणि काय विकावे याकडे गावाचे लक्ष असते.

परतताना एका दुकानात वाइडने रंगवलेला रुमाल दिसला. आकाशाचा नव्हे, धुऊन धुऊन विटलेल्या सुती लुगड्याचा असतो तसा निळा. दुकानातल्या बाईंनी वाइडची सगळी कहाणी मला कौतुकाने सांगितली आणि शेवटी, निळीमुळे तो धंदा बुडाला, असेही सांगितले. मी कुठून आलो, हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. रुमालाची किंमत मला जास्त वाटली होती, पण घासाघीस करायला तोंड उघडेना.