फुगायलाच तयार नसलेली जागा

ताईंना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार दाह होणारा आजार, होऊन १४ वर्षं झाली होती. गेली तीन वर्षं काहीच त्रास नाही, म्हणून त्या कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, पुढे ढकलत राहिल्या. त्रास थांबला तरी अस्तराने सोसलेला दाह मागे खुणा ठेवतो. लक्षणं सुरू होऊन ८ वर्षं झाली की ठरावीक काळाने आत बघायलाच हवं, हे मी प्रत्येक पेशंटला कळवळून सांगते.

त्यांच्या बायोप्सीत डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडचा बदल, निघाला होता. पूर्वी अशा वेळी बहुधा अख्खं मोठं आतडं काढायचा सल्ला मिळे. २०१५ च्या 'सीनिक' या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर, कडा स्पष्ट दिसत असतील आणि पूर्ण निघत असेल, तर दुर्बिणीतूनच काढून पुढे लक्ष ठेवणं मान्य झालं.

दुर्बिणीतून इंडिगो कारमाइन हा निळा रंग फवारला. साध्या उजेडात नुसता लालसर वाटणारा पट्टा निळाईत उठून दिसला. अडीच सेंटिमीटर, पसरट, कडा स्वच्छ. मग सुईने खाली द्रव भरला. एरवी अस्तर उशीसारखं वर येतं. इथे कडा फुगल्या आणि मधे खळगा तसाच राहिला. जुन्या दाहाने खालचा थर आक्रसून स्नायूला चिकटला होता. निळसर, जाळीदार तंतू दिसायचे तिथे पांढरी चिवट पट्टी, आणि स्नायूही पांढराच! भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. हात जरा खोल गेला की भोक.

तारेचा फास टाकून उरकता आलं असतं, पण तुकडे झाले असते आणि कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे बिघडलेला भाग पूर्ण निघाला का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता आलं नसतं. म्हणून दुर्बिणीतली बारीक सुरीच धरली. दोन्ही बाजूंचा मोकळा थर आधी सोडवला, त्याच पातळीत पट्टीकडे सरकत गेले, एकेक तंतू बघून कापला. शेवटी स्नायूवर बारीकशी चीर दिसली. पोटात गोळा आला. लगेच दोन क्लिपा लावल्या. पावणेतीन तास गेले होते. सिस्टरनी तो तुकडा थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावला. सगळा एकसंध, कुठेही फाटलेला नाही. मी बराच वेळ बघत राहिले.

शुद्धीवर येताच ताईंनी विचारलं, "डॉक्टर, आतडं आहे ना जागेवर?"

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. दोन पॅथॉलॉजिस्टनी पाहिलेला, डिस्प्लेसिया लो-ग्रेड, म्हणजे सौम्य पातळीचा, कडा मोकळ्या, आजूबाजूच्या बायोप्सी स्वच्छ. "सहा महिन्यांच्या आत पुन्हा बघायचंय," मी म्हटलं. त्यांनी तिथेच मोबाईल काढला आणि तारीख मागितली.