उजनीच्या काठावर

पहाटे पुण्यातून निघून भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसलो. कार्तिकातली थंडी, धरण तुडुंब, जुन्या पळसदेवचं देऊळ पाण्याखाली. ऊन चढेपर्यंत कणकेच्या गोळीला चिलापी मासळीच लागत होती, दोरीवरचं तरंगतं बूच नुसतं थरथरायचं. शिंगटा हा मिशाळ मासा मात्र गळ घेऊन सरळ तळाकडे ओढतो! वर आला तेव्हा बघत राहिलो. मिशा लांबलचक, राखाडी पाठ, रुपेरी पोट आणि पंखाच्या बुडाशी तो दातेरी काटा. घुसला की हात ठणकतो, म्हणून ओल्या फडक्यानेच धरायचा. बोटभर चिलापी परत सोडल्या. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या जाळ्यांत पिल्लंसुद्धा उपसली जातात, याचं फार वाईट वाटतं. काठावरच्या मच्छीमार काकांनी कालवणात चिंच सढळ घालायला सांगितलंय. आज रात्री तेच!